कर्नेलचा स्टॅक म्हणजे कॉट बेसिस: क्रिप्टो कोडचा पसारा कसा आवरायचा

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्या माणसाला कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांच्या लोकल व्हेरिएबलांची तात्पुरती जागा, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एक कॉट, खाली एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी. उरलेल्या तीन कॉटवर कोण आहे आणि त्यांचं सामान किती, हे आपल्या हातात नाही. क्रिप्टोचा कोड लिहिणारे आपण मात्र तिथे बऱ्याचदा सोफासेट घेऊन पोहोचतो.

आकडे सांगतो. लिनक्सवर साध्या प्रोग्रामला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो. कर्नेलच्या आत प्रत्येक थ्रेडला ६४-बिट एक्स८६ वर १६ केबी मिळतात आणि ३२-बिट एआरएमवर ८ केबी. एक्स८६-६४ वरही २०१४ सालच्या ३.१५ आवृत्तीपर्यंत ८ केबीच होते. ही जागा गरजेप्रमाणे वाढत नाही. शिवाय आपलं फंक्शन साखळीच्या टोकाला असतं. आयपीसेकचं, म्हणजे एन्क्रिप्टेड टनेलचं, एक पॅकेट बाहेर पडताना सिस्टीम कॉल, सॉकेट, टीसीपी, आयपी, एक्सएफआरएम आणि ईएसपी (हे आयपीसेकचे थर), एचमॅक (चावी लावून काढलेला हॅश) अशा फ्रेम, म्हणजे एकेका फंक्शनचे स्टॅकवरचे वाटे, एकावर एक रचल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी एसएचए-५१२ या हॅशचं ब्लॉक फंक्शन येतं. जुन्या ३२-बिट एआरएम कर्नेलांत तर मध्येच आलेला इंटरप्टही त्याच स्टॅकवर बसायचा.

बाणेरला एका गेटवे बॉक्सवर काम करताना मी दोन आठवडे यूएसबी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडली होती. बॉक्स लटकायचा तो फक्त टनेल चालू असताना, आणि तोही रोज नाही. शेवटी दोषी निघालं माझंच एक फंक्शन. त्यात मी एईएस सायफरच्या विस्तारित चाव्यांचं (एका चावीतून प्रत्येक फेरीसाठी बनवलेल्या चाव्यांचं) अख्खं स्ट्रक्चर लोकल व्हेरिएबल म्हणून ठेवलं होतं. जुन्या कर्नेलात स्टॅकच्या तळाशीच थ्रेड-इन्फो, म्हणजे त्या थ्रेडची कर्नेलनं ठेवलेली नोंद, असायचं. स्टॅक ओसंडला की आधी तेच खराब होई, आणि गोंधळ दिसे तो भलत्याच ठिकाणी. आता व्हीमॅप स्टॅक असेल तर खाली राखीव पान असतं आणि ओसंडल्याक्षणी कर्नेल तिथेच ओरडतं. तुमच्या बोर्डावर ती सोय आहे का, हे कॉन्फिग उघडून आधी बघा.

पहिली पायरी: मोजा

अंदाज बांधू नका, कारण क्रिप्टो कोडमध्ये तो हमखास चुकतो. सी मध्ये दिसणारे ॲरे ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली जागा कंपायलर खातो.

जीसीसी कंपायलरला ‘एफ-स्टॅक-यूसेज’ हा पर्याय दिला की प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलशेजारी ‘एसयू’ शेपटीची एक छोटी फाइल तयार होते. तिच्यात फंक्शनचं नाव, बाइटची संख्या आणि ‘स्टॅटिक’ किंवा ‘डायनॅमिक’ असा शेरा असतो. संख्येच्या रकान्यावर सॉर्ट लावा आणि वरची दहा नावं कागदावर उतरवा. शेरा ‘डायनॅमिक’ असेल तर ती संख्या ही कमाल मर्यादा नाही, त्या फंक्शनकडे आधी जा. आधीच बांधलेल्या कर्नेलसाठी ‘मेक चेकस्टॅक’ आहे. तो डिसअसेंब्ली वाचून मोठ्या फ्रेमची यादी देतो.

‘फ्रेम वॉर्न’ नावाची कॉन्फिग मर्यादा सहसा ३२-बिटवर १०२४ आणि ६४-बिटवर २०४८ असते. ती ओलांडली की वॉर्निंग येते. ती मर्यादा एका फंक्शनची असते, साखळीची नसते, हे विसरू नका. नऊशे बाइटची चार फंक्शन एकमेकांना हाक मारत असतील तर वॉर्निंग एकही येणार नाही, आणि साडेतीन हजार बाइट गेलेले असतील. ही बेरीज हातानं करावी लागते.

चालू मशीनवर मोजण्यासाठी दोन साधनं आहेत. ‘डीबग स्टॅक यूसेज’ चालू केलं की एखाद्या प्रोसेसनं संपताना आजवरचा नीचांक गाठला असेल तर किती बाइट शिल्लक राहिले होते ते कर्नेल लॉगमध्ये येतं. दुसरा ‘स्टॅक ट्रेसर’. तो एफट्रेसच्या (कर्नेलमधल्या हाकांचा माग काढणाऱ्या साधनाच्या) घरातला असून सगळ्यात खोल गेलेली साखळी फंक्शनवार दाखवतो: इथवर खोली किती, यात या फंक्शनचा वाटा किती. माझा भर या दुसऱ्यावर. टनेल सुरू करायचा, जड फाइल पाठवायची, सोबत डिस्कवर लॉग लिहायला लावायचा आणि मग ती यादी वाचायची.

मोजमाप एकाच बिल्डवर थांबवू नका. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर, ३२-बिट आणि ६४-बिट, कासान (मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू आणि बंद, असं आलटून पालटून बघा. कासान प्रत्येक लोकल ॲरेभोवती कुंपण घालतो, म्हणून एक्स८६-६४ वर त्यासाठी स्टॅकच दुप्पट, ३२ केबी केलेला असतो. सी मधली अनिश्चित वागणूक पकडणारा यूबीसानही असाच खादाड. जीसीसी ७ आल्यावर त्याच्या जोडीनं कर्नेलच्या सर्वसाधारण एईएस कोडची फ्रेम इतकी फुगली, की ती एक फाइल आकार कमी ठेवण्याच्या ऑप्टिमायझेशनवर बांधायचा निर्णय घ्यावा लागला.

दुसरी पायरी: गणितच लहान करा

जागा वाचवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तिची गरजच न पडू देणं. एसएचए-५१२ घ्या. एका ब्लॉकसाठी ८० शब्दांचं वेळापत्रक (मेसेज शेड्यूल, म्हणजे ब्लॉकमधूनच फुलवलेले शब्द) लागतं, प्रत्येक शब्द ८ बाइटचा, म्हणजे ६४० बाइट. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, म्हणून आपणही ८० चा ॲरे मांडतो. पण प्रत्येक नवा शब्द मागच्या फक्त चार शब्दांवरून बनतो: दोन, सात, पंधरा आणि सोळा घरं मागचे. सोळाच्या पलीकडे कुणी मागं वळून बघतच नाही. मग सोळा घरांचं चक्र पुरतं. अनुक्रमांकाला सोळानं भागून बाकी घ्यायची. ‘सोळा मागचा’ म्हणजे तेच घर, त्यातच बेरीज करायची. ‘पंधरा मागचा’ म्हणजे पुढचं घर, ‘सात मागचा’ म्हणजे नऊ पुढचं, ‘दोन मागचा’ म्हणजे चौदा पुढचं. ६४० बाइटचे १२८ झाले. एसएचए-१ मध्ये याच युक्तीनं ३२० चे ६४ होतात, एसएचए-२५६ मध्ये २५६ चे ६४.

हे मी आमच्या टीममधल्या, सी-डॅकच्या एम्बेडेड कोर्समधून नुकत्याच आलेल्या मुलीला फळ्यावर दाखवत होतो. तिनं मध्येच विचारलं, “सर, एवढी मोडतोड कशाला? ॲरे स्टॅटिक करू, प्रत्येक सीपीयूला एक. विषय संपला.”

“अगं, हे करून झालंय,” मी म्हटलं. आणि खरंच झालं होतं. २००८ मध्ये लिनक्सच्या एसएचए-५१२ मधलं हे ८० शब्दांचं वेळापत्रक स्टॅकवरून उचलून प्रत्येक सीपीयूच्या सामायिक जागेत ठेवलं गेलं. हेतू शुद्ध होता, स्टॅक वाचवणं. पण एक थ्रेड हॅश काढत असताना मध्येच सॉफ्ट-इंटरप्ट (चालू काम थांबवून आधी उरकलं जाणारं कर्नेलचं काम) आला आणि त्यानंही त्याच सीपीयूवर एसएचए-५१२ सुरू केलं, तर दोघंही एकाच पाटीवर लिहिणार. थ्रेड परत आला की त्याची आकडेमोड पुसलेली. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, हॅश मात्र चुकीचा. ही चूक २०१२ च्या जानेवारीत दुरुस्त झाली. अलेक्सी डोब्रियान यांनी ती पकडायची सोपी रीतही दिली होती: एचमॅक-एसएचए-५१२ लावलेल्या एएचवरून (आयपीसेकच्या सत्यता तपासणाऱ्या हेडरवरून) एकाच वेळी दोन पिंग फ्लड सोडा.

म्हणून क्रिप्टोमध्ये ‘स्टॅटिक’ हा शब्द मी पुढ्यात येऊच देत नाही. स्थिरांकांचे तक्ते स्टॅटिक आणि कॉन्स्ट असावेत, तेवढाच अपवाद. एस-बॉक्सचा (सायफरमधल्या अदलाबदलीचा) तक्ता फंक्शनच्या आत नुसता ‘कॉन्स्ट’ लिहिला आणि ‘स्टॅटिक’ विसरलात, तर कंपायलर प्रत्येक हाकेला तो स्टॅकवर उतरवून घेऊ शकतो. कोड तपासताना ही चूक मला अजूनही सापडते.

त्या गोष्टीचा पुढचा अंक जास्त शिकवणारा आहे. ८० चे १६ झाले खरे, पण त्या बदलात फेऱ्यांचा कोड दोनदा उलगडला गेला: एकदा शब्द भरण्यासाठी, एकदा शब्द मिसळण्यासाठी. ३२-बिट इंटेलवर जीसीसीला ६४-बिट आकडे पेलत नाहीत. रजिस्टर मोजकी, आणि प्रत्येक आकड्याला दोन लागतात. उरलेलं सगळं स्टॅकवर सांडतं. परिणामी ॲरे पाचपट लहान होऊनही फ्रेम एक केबीच्या वर गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये हर्बर्ट शू यांनी भरणं आणि मिसळणं दोन्ही एकाच लूपमध्ये आणलं, फेऱ्यांची एकच प्रत ठेवली, आणि आकडा अर्ध्या केबीच्या आसपास आला.

त्यामुळे ॲरे लहान केला की लगेच पुन्हा ‘एसयू’ फाइल बघा. ३२-बिटवर तर बघाच. लूप हातानं उलगडलेला असेल तर आधी तो गुंडाळून मोजा. वेगाला फटका बसेल असं वाटतं, पण १२८ बाइट कॅशमध्ये राहतात आणि कोडही आटोपशीर होतो, म्हणून तोही मोजल्याशिवाय गृहीत धरू नका.

तिसरी पायरी: लागेल तेवढंच घ्या

कर्नेलमधलं एईएसचं नेहमीचं कॉन्टेक्स्ट स्ट्रक्चर ४८४ बाइटचं असतं: एन्क्रिप्शनच्या चाव्या २४०, डिक्रिप्शनच्या २४०, आणि चावीची लांबी ४. आता सीटीआर, जीसीएम, सीमॅक या एईएस वापरण्याच्या पद्धती आठवा. यांपैकी एकालाही एईएसची उलटी दिशा लागत नाही, डिक्रिप्ट करतानासुद्धा नाही. तरी उपचावी काढण्यापुरतं ते अख्खं स्ट्रक्चर लोकल म्हणून मांडण्याची सवय असते. माझ्या त्या दोन आठवड्यांमागेही हेच होतं. फक्त पुढच्या दिशेच्या चाव्या घेतल्या तर निम्मी जागा वाचते. आणि ती चावी टीएफएमच्या (चावी बसवलेल्या अल्गोरिदमच्या ऑब्जेक्टच्या) कॉन्टेक्स्टमध्ये कायम राहणारच असेल तर थेट तिथेच विस्तारा, मधली प्रत कशाला?

एचमॅकचंही तसंच. आतली आणि बाहेरची पॅड केलेली चावी दर पॅकेटला नव्यानं बनवू नका. चावी बसवतानाच दोन्हींवर एकेक ब्लॉक चालवून मधली अवस्था जपून ठेवा. एसएचए-५१२ ला ती प्रत्येकी ६४ बाइट असते. पॅडचा १२८ बाइटचा बफर पॅकेटच्या वाटेवरून कायमचा जातो, आणि दर पॅकेटचे दोन ब्लॉकही वाचतात.

चौथी पायरी: एकाच वेळी नको असलेल्यांना वेगळं करा

एका फंक्शनमध्ये आधी चावीची तयारी, मग मुख्य काम, मग टॅगची तुलना असे तीन टप्पे असतील आणि प्रत्येकाला दोनशे बाइटचा आपापला बफर लागत असेल, तर एकाच वेळी लागतात दोनशेच. पण कंपायलरनं तिन्ही उपफंक्शनं इनलाइन केली, म्हणजे त्यांचा कोड आई-फंक्शनमध्येच चिकटवला, की फ्रेममध्ये सहाशे मांडले जाऊ शकतात. कंसांची व्याप्ती वेगळी असेल तर तो एकाच जागेवर तिघांना बसवायचा प्रयत्न करतो. मात्र कासान लागला की ती शहाणपणाची वाट बंद होते.

उपाय: उपफंक्शनला ‘नोइनलाइन फॉर स्टॅक’ ही खूण द्या. अर्थानं ती साधी ‘नोइनलाइन’च आहे, पण नावामुळे पुढच्या माणसाला कारण कळतं आणि तो ती ‘वेगासाठी’ काढून टाकत नाही. क्लँगवर फुगणाऱ्या सर्पंट सायफरच्या चावी-फंक्शनला मुख्य कर्नेलमध्ये अशाच नोइनलाइननं आवर घातला गेला. कर्नेल जीसीसीला ‘कॉन्झर्व्ह स्टॅक’ असंही सांगून ठेवतं. त्यानं इनलाइन करण्याला लगाम बसतो, पण ‘ऑलवेज इनलाइन’ लिहिलेल्यापुढे त्याचंही चालत नाही. मॅक्रोमधून उलगडलेल्या कोडपुढे तर नाहीच.

एक सावधगिरी. वेगळं केलेलं फंक्शन साखळीच्या मध्ये आलं तर बचत शून्य होते. आई-फंक्शन आपली फ्रेम धरून बसलेलंच असतं. बचत तेव्हाच होते जेव्हा जड टप्पा संपून परत येतो आणि मगच खोल हाक मारली जाते.

आलटून पालटून लागणाऱ्या बफरांसाठी युनियनही चालतं. मी ते शेवटी वापरतो. टप्प्यांचा क्रम कुणी बदलला तर एकाचा ऐवज दुसऱ्याच्या जागी उघडा पडतो.

पाचवी पायरी: बदलत्या लांबीचे ॲरे आणि विनंत्या

बदलत्या लांबीचे लोकल ॲरे आता कर्नेलमध्ये चालत नाहीत. केस कुक आणि इतरांनी २०१८ भर खपून ते उपटले, आणि ४.२० पासून कर्नेल त्यांपासून मुक्त आहे. क्रिप्टोला याचा मोठा झटका बसला, कारण सायफरची विनंती (ड्रायव्हरला काम सोपवण्याचं स्ट्रक्चर) स्टॅकवर मांडताना तिचा आकार ड्रायव्हरवर अवलंबून असे. त्यातून फक्त समकालिक सायफरसाठीचा वेगळा प्रकार आला आणि त्याच्या विनंतीला ठरावीक कमाल मर्यादा. ती सुरुवातीला ३८४ बाइट होती. तुम्ही ड्रायव्हर लिहिणारे असाल तर यातली मेख अशी: विनंतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये तुम्ही कोंबलेला प्रत्येक बाइट हाक मारणाऱ्याच्या स्टॅकवर जाऊ शकतो. आपली ट्रंक शेजाऱ्याच्या कॉटखाली सरकवण्यासारखं आहे ते.

तुम्ही वापरणारे असाल आणि हार्डवेअर इंजिन नको असेल, तर विनंतीच्या भानगडीतच पडू नका. कर्नेलच्या क्रिप्टो लायब्ररीतली सरळ फंक्शनं वापरा: एसएचए-२५६, चाचा२०-पॉली१३०५, असं थेट पॉइंटर घेणारं. विनंती नाही आणि स्कॅटरलिस्टही (विखुरलेल्या बफरांची यादी) नाही. स्कॅटरलिस्टमध्ये स्टॅकवरचा बफर देणं तर निषिद्धच, मग तो १६ बाइटचा आयव्ही (सायफरचं सुरुवातीचं मूल्य) का असेना. ४.९ पासून ६४-बिट एक्स८६ वर व्हीमॅप स्टॅक आला. तेव्हापासून स्टॅकचा पत्ता सरळ भौतिक पानात बदलतच नाही, डीएमए (हार्डवेअरनं थेट मेमरी वाचणं) तर लांबच. लायब्ररीच्या फंक्शनला मात्र स्टॅकवरचा छोटा बफर चालतो.

सहावी पायरी: हीप, पण जागा बघून

लोक पहिल्यांदा इथे येतात. मी सहाव्या पायरीवर आणलंय ते मुद्दाम. ‘के-मॅलॉक’ केलं, म्हणजे हीपवरून मेमरी मागितली, की काम अपयशी होण्याची एक नवी वाट उघडते, आणि ब्लॉक फंक्शनला ‘मेमरी मिळाली नाही’ म्हणण्याची सोय नसते. चावी बसवताना सहसा झोपता येतं, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबता येतं, तिथे ‘जीएफपी कर्नेल’ खुशाल वापरा. पॅकेटच्या वाटेवर सॉफ्ट-इंटरप्टमध्ये झोपता येत नाही, आणि न थांबता मेमरी मागणारं ‘जीएफपी ॲटॉमिक’ नेमकं गर्दीच्या वेळी हात वर करतं.

मग कामाची जागा ठेवायची कुठे? बरेच जण टीएफएमच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवतात आणि २००८ चीच चूक नव्या कपड्यांत करतात. एकच टीएफएम एकाच वेळी चार सीपीयूंवरून वापरला जातो. त्यात फक्त चावी आणि न बदलणारं काही असावं. बदलणारी जागा विनंतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये, कारण विनंती प्रत्येकाची वेगळी.

नव्या पिढीच्या अल्गोरिदमांना मात्र हीपशिवाय गत्यंतर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मानक झालेली डिजिटल सहीची पद्धत एमएल-डीएसए घ्या. एक बहुपदी म्हणजे २५६ सहगुणक, प्रत्येकी ४ बाइट, झाला १ केबी. एमएल-डीएसए-६५ मधलं मॅट्रिक्स ६ गुणिले ५, म्हणजे ३० केबी. अख्ख्या स्टॅकच्या जवळजवळ दुप्पट. इथेही दुसरी पायरीच आधी लावायची. हे मॅट्रिक्स एका छोट्या बीजापासून शेक-१२८ या हॅश फंक्शननं बनतं, मग सगळं एकदम का बनवायचं? एक नोंद बनवा, गुणा, बेरजेत मिळवा, टाकून द्या. सही तपासताना सहीतल्या सदिशाचे ५ केबी, आव्हान बहुपदीचा १, बेरजेचा १ आणि चालू नोंदीचा १, अशा ८ केबीच्या आसपास काम भागतं. तेवढे एकाच तुकड्यात हीपवरून घ्या आणि शेवटी एकदाच सोडा.

सोडताना ‘केफ्री सेन्सिटिव्ह’. २०२० पर्यंत त्याचं नाव ‘केझेडफ्री’ होतं. स्टॅकवर उरलेल्या गुपितांसाठी ‘मेमझीरो एक्स्प्लिसिट’. साधा मेमसेट फंक्शनच्या शेवटी लिहिला तर कंपायलर ‘हे पुढे कुणी वाचतच नाही’ म्हणून तो गाळू शकतो. बाहेर पडायची वाट एकच ठेवा, म्हणजे चुकीच्या वाटेवरचं पुसणं राहून जात नाही. रजिस्टरमधून सांडलेल्या प्रती मात्र सी मधून पुसता येत नाहीत. फ्रेम लहान ठेवण्याचं हेही एक कारण.

सातवी पायरी: काही मोडलं का?

कर्नेलमधल्या क्रिप्टोच्या स्वचाचण्या चालू ठेवून बूट करा आणि ‘प्रॉक’मधल्या ‘क्रिप्टो’ फाइलमध्ये तुमच्या अल्गोरिदमपुढे ‘पास्ड’ आहे का बघा. तेवढ्यानं मात्र सामायिक जागेची चूक सापडेलच असं नाही. ती चूक चार वर्षं लपून राहिली ती उगीच नाही. कमिट संदेशात चार आकडे लिहा: ३२-बिट आणि ६४-बिट, आधी आणि नंतर, कंपायलरच्या आवृत्तीसह. नुसतं ‘स्टॅक कमी केला’ असं लिहिलेला बदल मी तरी परत पाठवतो.

मग संध्याकाळी निघताना बोर्डावर टनेल उभा करा, स्टॅक ट्रेसर लावा, एचमॅक-एसएचए-५१२ वरून दोन टर्मिनलमधून दोन पिंग फ्लड सोडा आणि घरी जा. सकाळी आल्यावर आधी हरवलेली पॅकेटं मोजा, मग ट्रेसरमधली सगळ्यात खोल साखळी वाचा. तिच्यात तुमचं फंक्शन अजूनही पहिल्या तिनात दिसत असेल तर चहा घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर या.